कोडियाकरई: चोवीस की अठ्ठावीस?

तमिळनाडूत वेदारण्यमहून कोडियाकरईला जाणारी बस मिठागरांच्या कडेने धावते. मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलच्या दारातून बघत मोठी झालेली मी, मला त्यात नवं काय वाटणार? पण इथे मागे टॉवर नाहीत. मिठाचे ढीग, वर झाकलेले झाप आणि पलीकडे थेट पाल्कची सामुद्रधुनी. १९३० मध्ये राजाजींचा मिठाचा सत्याग्रह झाला तो याच वेदारण्यमला. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे शिरोड्याला झाला.

पाखरं पकडून, पायात नंबराची रिंग घालून सोडून द्यायच्या कामाला स्वयंसेवक म्हणून जानेवारीतली अमावास्या धरून गेले होते. चांदणं असलं की पाखरांना जाळी दिसते, म्हणून काम काळोखात. दिवस उजाडल्यापासून नव्हे, मावळल्यापासून मोजायचा. संध्याकाळी काळविटांचा एक कळप दुरून आम्हाला निरखत उभा होता, तेवढंच पर्यटन.

जाळी लावणाऱ्या अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "साप्पिट्टाच्चा?" जेवण झालं का, एवढं तमिळ मला कळतं. मग गुडघाभर चिखलात बांबू रोवले. जाळं काळं, केसासारखं बारीक, त्याला आडवे कप्पे. पाखरू धडकतं आणि खालच्या कप्प्यात झोळीत पडल्यासारखं पडतं. सगळ्यात खालचा कप्पा पाण्यापासून चांगला वर ठेवायचा. नाहीतर पाखरू भिजतं, किंवा आपल्याआधी खेकडे पोचतात.

दर वीस मिनिटांनी फेरी. पहिल्याच फेरीत लिटल स्टिंट, चिखलात चरणारं चिमुकलं स्थलांतरी पाखरू. रिंग घालणाऱ्या बाईंनी आधी ते कुठल्या बाजूने शिरलं ते पाहिलं, मग पाय सोडवले, मग पंख, शेवटी डोकं. मान दोन बोटांच्या मधे, पाठ तळहाताला. माझ्या हातात दिलं तेव्हा वजन असं जाणवलंच नाही, नुसती ऊब आणि धडधड. पाठीवरचं एक पीस वाकडं झालं होतं, ते त्याने माझ्या मुठीतच झटकून सरळ केलं.

रिंग घालायची ती सरावलेल्या हातांनीच. स्वयंसेवकाच्या वाट्याला टॉर्च, पिशव्या आणि वही. ॲल्युमिनियमची रिंग म्हणजे बाळाच्या पायातला वाळाच, पण त्यावर नंबर आणि बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, कळवा अशी इंग्रजीत सूचना. 'बॉम्बे' अजून तिथेच आहे. मुंबईत कधी उतरेल न उतरेल असं पाखरू मुंबईचं नाव पायात घालून सैबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला जाणार, याची मला रात्रभर गंमत वाटत राहिली.

मधल्या चहाला बाईंनी सांगितलं की देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते एका तापामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं आजारी पडली. विषाणू रशियातल्या एका विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. गोचिडं पाखरांनी तर आणली नाहीत ना, हे बघायला जागतिक आरोग्य संघटनेने सलीम अलींच्या प्रकल्पाला पैसे दिले. तोच आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडताप! पाखरांबद्दल शंका आली म्हणून पाखरांचा अभ्यास झाला.

तर वही. रिंग नंबर, जात, पंख, चोच, वजन. बाई इंग्रजीत सांगणार, मी तेच मोठ्याने म्हणत लिहिणार. कामाला शिस्त होती. तीननंतर माझे डोळे मिटायला लागले, पाखरं मात्र येतच होती.

सकाळी वही बघता बघता बाई थांबल्या. "ही स्टिंट जानेवारीतच एवढी जाड कशी? अठ्ठावीस ग्रॅम? चरबी चढवतात ती परतीच्या आधी." मी वाकून पाहिलं. झोपेत माझा हात घरच्या वळणावर गेला होता. मी २४ मराठीत लिहिलं होतं. बाईंना माझा ४ इंग्रजी आठ वाटला, ७ सहा आणि १ नऊ.

रिंगांचे नंबर लगेच सुटले, कारण रिंगा तारेत ओवून क्रमानेच येतात. मागचा-पुढचा पाहिला की मधला कळतो. वजनांना कुठला क्रम? बाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. दुसरा चहा येईपर्यंत आम्ही शेजारी बसून एकेक ओळ वाचली. "हा तुझा चार?" "माझाच." "हा?" "हा इंग्रजी आठ. वरचं गोल बंद आहे, बघा."

एका ओळीवर चिखलाचा ठिपका होता. गोल बंद की उघडं, ते मलाही सांगता येईना. बाईंनी तो रकाना कोरा सोडला आणि जाळी वाळत घालायला उठल्या.