खणणारा डायोजेनीस

रोमच्या कॅटाकोम्बबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या दफनाच्या बोगद्यांबद्दल, वाचायला गेलं की पोप भेटतात, हुतात्मे भेटतात. खणणारे क्वचित भेटतात. माझ्या वडिलांचा जन्म विहिरी खोदण्यात गेला, म्हणून असेल, डोमितिल्लाच्या कॅटाकोम्बमध्ये उतरल्यावर माझी नजर चित्रांआधी भिंतीवरच्या टिकावाच्या घावांवर गेली.

शहराच्या हद्दीत प्रेत पुरायचं नाही, हा रोमचा जुना कायदा. म्हणून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांलगत जमिनीखाली कबरी. ख्रिस्ती लोक तिथे लपून राहत, ही समजूत खोटी. ही दफनाचीच जागा. खडक ज्वालामुखीचा, तूफा नावाचा. आत असेपर्यंत मऊ, हवा लागली की घट्ट होणारा. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात सुरुंगाशिवाय हात चालत नाही; इथे टिकाव पुरला. वरून झरोका पाडायचा, त्यातून माती वर ओढायची, पुढे त्यातूनच हवा आणि उजेड. जागा संपली की बोगद्याचा तळ आणखी खाली न्यायचा. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जुन्या कबरी डोक्याच्या वर आणि नव्या पायाशी दिसतात.

या कामकऱ्यांना फोसोर म्हणत. 303 साली, ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात, आजच्या अल्जेरियातल्या किर्ता गावच्या चर्चवर जप्ती आली. त्या वेळच्या नोंदीत बिशपबरोबर फोसोरही मोजलेले आहेत. चौथ्या शतकात तर कबरीच्या जागा तेच विकायचे. अमक्या फोसोरकडून जागा घेतली, असं शिलालेखांवर कोरलेलं सापडतं.

भिंतीत कप्पे खणायचे, देह ठेवायचा, विटांनी किंवा संगमरवरी फरशीने तोंड बंद करायचं. फरशीवर जहाजाचा नांगर, मासा, चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबुतर. ज्यांना अक्षरं कोरून घेणं परवडत नसे, ते ओल्या चुन्यात शिंपला, नाणं किंवा सोन्याचा वर्ख असलेला काचेच्या भांड्याचा तळ दाबून ठेवत. आपलं माणूस नेमकं कुठे निजलंय, ते कळायला हवं ना! मला छतावरच्या रंगीत चित्रांपेक्षा या खुणा जास्त हलवून गेल्या. चित्रांत बायबलातले योना, दानिएल, नोहा, भट्टीतले तीन तरुण, सगळे संकटातून सुटलेले. क्रुसावरचा ख्रिस्त मात्र जवळपास नाहीच.

डोमितिल्लामध्येच डायोजेनीस नावाच्या फोसोरचं चित्र होतं. खांद्यावर टिकाव, हातात दिवा, पायाशी अवजारं. वर लिहिलेलं: फोसोर डायोजेनीस, शांतीत, 24 सप्टेंबरला पुरला. वर्ष नाही. अठराव्या शतकात ते चित्र भिंतीवरून उतरवायला गेले आणि ते फुटलं. मला याचा आजही संताप येतो. आधी कुणीतरी त्याची नक्कल करून ठेवली होती, म्हणून निदान तो कसा उभा होता हे आपल्याला माहीत आहे. हजारो कबरी खणणाऱ्या या लोकांपैकी अवजारांसकट, नावासकट दिसणारे फार थोडे. रोमला जाणाऱ्यांनी गाईडला त्याच्याबद्दल जरूर विचारावं.