भाजी टिकेल तसा आठवडा

बुधवार

दिवाळीनंतर रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. सौ.ची नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातली पाळी आता बहुतेक दुसरी असते, ती घरी पोहोचते तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले असतात, आणि आईला ओट्यापाशी उभे राहून पाच माणसांच्या भाकऱ्या थापणे झेपेनासे झाले आहे. पैशांचे गणित तसे सोपे आहे. किराणा महिन्याचा भरायचा, भाजी आठवड्याची आणायची, आणि भाजीला ६०० रुपयांच्या वर जायचे नाही. अवघड असतो तो जेवणांचा क्रम.

सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक असे महिन्याचे पत्रक काढून फ्रीजवर लावलेले मी पुष्कळ घरांत पाहतो. मला ती पद्धत उलटी वाटते, कारण पदार्थ आधी ठरला की त्याची भाजी त्या दिवशी कितीही महाग असली तरी आणावीच लागते, आणि जी स्वस्त आणि ताजी समोर दिसते तिला पत्रकात जागा नसते. मी आधी बाजार पाहतो. जे लवकर सुकते ते पहिल्या रात्री, जे तीन-चार दिवस टिकते ते मधल्या रात्री, आणि ज्याला भाजी लागतच नाही ते आठवड्याच्या शेपटाला, एवढाच माझा नियम आहे. घरात भाजीवर होणारा खर्च मुख्यतः आपण टाकून देतो त्या भाजीचा असतो, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

आज कचेरीतून सुटल्यावर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात गेलो. दिवेलागणीला जाण्यात फायदा असतो, कारण पालेभाजी परत नेऊन उपयोग नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि दुपारी पंधराला सांगितलेली जुडी तोवर दहावर आलेली असते. पौषातला बाजार नाशिककरांसाठी वर्षातला सर्वांत उदार बाजार म्हटला पाहिजे. मेथी, कांद्याची पात, मुळा, गाजर, मटार, फ्लॉवर, भरताची वांगी अशी एकाच वेळी रास लागलेली असते. मेथीच्या दोन जुड्या, पाल्यासकट मुळा, फ्लॉवरचे दोन गड्डे, किलोभर मटार, वांगी, गाजरे, टोमॅटो, बटाटे आणि मिरची-आले-लसूण-कोथिंबीर मिळून ४१५ रुपये झाले. उरलेले भोगीसाठी राखून ठेवले आहेत, कारण भोगी येत्या मंगळवारी आहे आणि त्या दिवशी ओल्या शेंगांचे भाव काय होतात ते सर्वांना माहीत आहे.

कांदा मात्र दोनच किलो घेतला. सध्या आहे तो लाल कांदा. त्यात पाण्याचा अंश जास्त असतो आणि तो साठवला की सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. साठवणीचा कांदा उन्हाळ, जो मार्च ते मेच्या दरम्यान शेतातून निघतो आणि हवेशीर जागी चार-सहा महिने राहतो. त्यामुळे आमच्याकडे गोणी येते ती एप्रिलअखेर, आणि सगळा पावसाळा त्या कांद्यावर निघतो. आईचे माहेर देवळ्याकडचे, कांदा पिकवणाऱ्या भागातले असल्यामुळे कांद्याच्या स्वस्ताईचा आनंद आमच्या घरात जरा जपूनच व्यक्त होतो. २०२३च्या डिसेंबरात निर्यातबंदी झाली आणि लिलावातले भाव कोसळले, तेव्हा दारावर वीस रुपयांत दोन किलो असे ओरडत गाडीवाला आला होता. आईने त्याच्याकडून घेतलेही, परंतु संध्याकाळपर्यंत ती कोणाशी धड बोलली नाही.

रात्री मुळ्याच्या पाल्याची भाजी केली, कारण पिशवीत सर्वांत आधी मान टाकतो तो हा पाला. बारीक चिरून, लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीवर परतून, वरून हरभऱ्याचे पीठ पेरले आणि झाकण ठेवून वाफ आणली. पुष्कळजण भाजीवाल्याकडूनच हा पाला तोडून घेतात आणि तिथेच टाकून येतात. मुळ्याच्या निम्म्या पैशांची भाजी ते गायीला घालतात, एवढेच म्हणतो.

गुरुवार

सकाळी मटकी भिजत घातली. संध्याकाळी मेथी निवडायला आई आणि मुलगी बसल्या. निवडलेली मेथी जुडीच्या जवळपास निम्मी भरते आणि शिजल्यावर मूठभर होते, त्यामुळे पाच माणसांना नुसत्या मेथीवर भागवणे परवडत नाही. तिच्यात भिजवलेली मुगाची डाळ घातली की भाजीला अंग येते, कडवटपणा बेताचा होतो, आणि वेगळे वरण करावे लागत नाही. तूरडाळ हल्ली मी रोज लावत नाही. मसूर आणि हरभऱ्याची डाळ तिच्यापेक्षा स्वस्त पडतात, आणि मसुरीला शिजायला वेळही कमी लागतो. आईच्या मते वरण म्हणजे तुरीचेच. तिच्यासाठी रविवारी सकाळी तुरीचे होते आणि त्यावर आमचा समझोता झालेला आहे.

रात्री मटकी निथळून फडक्यात घट्ट बांधली. निफाडकडे पारा खाली गेल्याच्या बातम्या रोज येत आहेत आणि आमच्या स्वयंपाकघरातही सकाळी खोबरेल गोठलेले असते. अशा थंडीत ओट्यावर ठेवलेली मटकी दोन दिवस मोड काढत नाही. ती पुरचुंडी मी पोळ्यांच्या मोठ्या कॅसरोलमध्ये ठेवतो. आधी त्यात कढत पाणी ओतून ठेवायचे, ओतून टाकायचे, पुसायचे, आणि मग पुरचुंडी आत ठेवून झाकण लावायचे.

शुक्रवार

फ्लॉवर, मटार आणि बटाट्याचा रस्सा, पोळ्या, मुळा-गाजराची कोशिंबीर. फ्लॉवरचे कोवळे दांडे सोलून चकत्या करून रश्शातच घातले, कोणाला कळलेही नाही. सौ.चे जेवण झाकून ठेवायचे असते, म्हणून दुसऱ्या पाळीच्या दिवशी बाजरीची भाकरी करत नाही. ती गार झाली की कडक होते आणि रात्री बाराला कोणी ती चावत बसू नये. पोळी फडक्यात नरम राहते.

शनिवार

मोड अर्ध्या बोटाएवढे आले. पाव किलो कोरडी मटकी फुगून आणि मोड येऊन अर्ध्या किलोच्या वर भरते, आणि ती दोन रात्रींना पुरते, म्हणून माणशी हिशेब केला तर आमच्या आठवड्यातले हेच सर्वांत स्वस्त जेवण ठरेल. आज निम्म्या मटकीची कोरडी उसळ केली.

गॅसच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस जातो याची नोंद दाराच्या मागे पेन्सिलने ठेवतो आणि त्यावरून मुले माझी थट्टा करतात. परंतु कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर मोठ्या आचेचा काही उपयोग नसतो, जास्तीची उष्णता वाफ होऊन शिट्टीतून निघून जाते, हे एकदा पटल्यावर मोठी ज्योत बघवत नाही. एका कुकरात खाली भात, मध्ये वरण आणि वरच्या भांड्यात दुसऱ्या दिवसाचे बटाटे असे तीन मजले लावतो. भात आमच्याकडे रोजचा असला तरी खिचडीसाठी अख्खा इंद्रायणी वापरत नाही. घोटीच्या तांदळाची कणी अख्ख्या तांदळाच्या मानाने बरीच स्वस्त मिळते, खिचडी तिच्यानेच अधिक मऊ होते, आणि तशीही खिचडीत दाणा अख्खा दिसावा असा कोणाचा आग्रह नसतो.

रविवार

मुलाला मळ्यातली मिसळ खायला जायचे होते. त्याचे म्हणणे गैर नाही. रविवारी नाशकात अर्धे गाव गंगापूर रोडच्या पलीकडे मिसळीला गेलेले असते, आणि त्याच्या मित्रांचे फोटो सकाळपासून येत असतात. पण पाच माणसांच्या मिसळीत आमच्या भाजीच्या आठवड्यातले सगळे पैसे जातात. जायचे तर महिन्यातून एकदा आणि ठरवून, असे बोलणे झाले आहे आणि ती खेप या महिन्यात झालेली आहे.

म्हणून उरलेल्या मटकीची मिसळ रात्री घरी केली. कांदा आणि सुके खोबरे तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून, आईच्या काळ्या मसाल्याबरोबर वाटून, तेलावर सुटेपर्यंत परतले. इथे तेलाची काटकसर करायची नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. आठवडाभर फोडणीला एकच लहान पळी वापरून जे वाचवतो ते रविवारच्या तर्रीसाठीच. तर्री वरची वर वेगळी काढून ठेवली, म्हणजे आई आणि मुलगी बेताची घेतात आणि मुलगा हवी तेवढी ओढतो. पाव ४० रुपयांचे आणले, फरसाण किराण्यातल्या डब्यातले होते, आणि पापड तळण्याऐवजी भाजले. मुलगा म्हणाला, "बाबा, चव झाली, पण मळा कुठाय?" त्याचे ताट गच्चीवर नेऊन दिले. थंडीने दोन मिनिटांत खाली आला.

सोमवार

आज घरात पालेभाजी संपली, टोमॅटो तीन उरले, आणि वांगी-गाजरे उद्यासाठी राखलेली. अशा रात्रीसाठी शेंगोळे. हा पदार्थ आईचा, आणि त्याला भाजी, भाकरी, वरण यांतले काहीच वेगळे लागत नाही.

हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठात थोडे गव्हाचे पीठ, वाटलेला लसूण-जिरे-मिरची, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळायचे. मळताना पाणी जास्त झाले की शेंगोळे रश्शात फुटतात. आईने पाटावर बसून तेलाचा हात घेतला आणि सुपारीएवढी गोळी दोन तळव्यांत फिरवून करंगळीएवढी लांबवली. तिच्या टोकांना निमुळतेपणा येतो तो शेवटच्या दोन फेऱ्यांत, हात किंचित तिरपा केल्यावर. मुलीच्या हातून त्या मधोमध जाड आणि टोकाला तुटक्या होत होत्या. आई तिला म्हणाली, "दाबू नको गं, नुसता हात फिरव, पीठ आपोआप लांबतं." पाचव्या-सहाव्या शेंगोळीला तिला ते जमू लागले.

इकडे मी लसणाच्या सढळ फोडणीवर पाणी ओतून, काळा मसाला आणि दाण्याचे कूट घालून उकळी आणली. पाणी खळखळत असतानाच शेंगोळे थोडे-थोडे सोडायचे, नाहीतर ते तळाला चिकटतात. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा बाजूला ठेवून तो पाण्यात कालवून शेवटी ओतला, म्हणजे रस्सा दाट होतो. वीस मिनिटे मंद आचेवर ठेवले की शेंगोळी आतपर्यंत शिजते; एक मोडून पाहायची, मध्ये कोरडा पांढुरका ठिपका दिसला तर अजून थांबायचे. वर कच्चे तेल, सोबत कांदा आणि लिंबू. हुलगा उष्ण म्हणून तो थंडीतच खावा असे आई सांगते, आणि या दिवसांत ते वाडग्यातून घेताना त्यावर शंका काढावीशी वाटत नाही.

पाच माणसांना पाव किलोहून थोडे अधिक पीठ लागले. या जेवणाला बाजारात पाऊलही टाकावे लागत नाही, म्हणून मी ते आठवड्याच्या टोकाला ठेवतो. बुधवारची पिशवी एखादा दिवस आधी संपली तरी त्यामुळे घाबरायला होत नाही.

मंगळवार, भोगी

सौ.ने पाळी बदलून घेतली होती, त्यामुळे संध्याकाळी सगळे घरात होते. आज कोपऱ्यावरच्या गाड्यावर भोगीचे तयार वाटे १०० रुपयांना होते. त्यात दोन वांगी, दोन गाजरे, मूठभर पावटा, मूठभर हरभरा, चार बोरे आणि उसाचे दोन कांडके. वांगी आणि गाजरे बुधवारचीच घरात होती. ओल्या हरभऱ्याची जुडी, पावशेर पावटा आणि बोरे एवढेच सुटे घेतले, ते ६० रुपयांत झाले आणि वाट्यापेक्षा दुप्पट भरले. गाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "दादा, सगळे जण वाटाच नेतात, तुम्हीच सुटं मागता." त्यांनी ऊस मात्र वर घातला.

'न खाई भोगी तो सदा रोगी' हे आईने दरवर्षीप्रमाणे मुलांना ऐकवले. या भाजीत काय कधी घालायचे यावर आमच्याकडे मतभेद आहेत. आईच्या मते सगळे एकदम फोडणीत पडले पाहिजे, सौ. आधी शेंगदाणे, पावटा आणि गाजर शिजवून वांगी मागाहून घालते. आज सौ.च्या पद्धतीने झाली आणि वांग्याचा लगदा झाला नाही, परंतु आईने ते मान्य केल्याचे कोठे जाणवले नाही. तिळाचे कूट भरपूर होते, त्यामुळे तेल कमीच लागले. तीळ लावलेल्या भाकऱ्या सौ.ने थापल्या, मी शेकल्या, आणि त्या तव्यावरून थेट ताटात गेल्या, कारण आज कोणासाठी झाकून ठेवायचे नव्हते. जेवणाला लोण्याचा गोळा आणि कणीची मुगाची खिचडी होती.

बाजरी भोगीसाठी म्हणून दोन किलो दळून आणली होती, त्यातले निम्म्याहून अधिक पीठ शिल्लक आहे. बाजरीचे पीठ ठेवले की आठवड्याभरात कडवट होऊ लागते, तेव्हा येत्या दोन-तीन रात्री भाकरीच करावी लागेल. सौ.ची पाळी शुक्रवारपर्यंत पहिलीच आहे, त्यामुळे ते जमेलही, आणि तेवढे गव्हाचे दळण पुढे ढकलता येईल.