मॅसीला जनरेटरचं इंजिन बसवलं, त्याची गोष्ट

उन्हाळी नांगरट चालू होती. आमच्या जुन्या मॅसी १०३५ च्या इंजिनात घण मारल्यासारखा आवाज झाला आणि ट्रॅक्टर नांगराच्या तासातच बंद पडला. वाकून पाहिलं तर ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, अंगाला मूठ जाईल एवढं भोक आणि ढेकळांवर सगळं ऑईल. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला होता. ब्लॉकच गेल्यावर लायनर-पिस्टनवर भागणार नव्हतं. नवा ट्रॅक्टर घ्यायची ऐपत नव्हती, आणि आप्पांनी घेतलेला ट्रॅक्टर भंगारात घालायला मन धजेना.

तालुक्याला एक जुना जनरेटर विकायला होता. त्यावर तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. आमच्या १०३५ लाही चेन्नईच्या सिम्पसन कंपनीचंच होतं, आणि दोन्हींचं मूळ घराणं एक: पर्किन्सचं ३.१५२, म्हणजे तीन सिलिंडर आणि १५२ घनइंच, अडीच लिटर. इंग्लंडमध्ये मॅसी फर्ग्युसनने १९५९ साली पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि ३५ मॉडेलमधलं थंडीत चालू व्हायला त्रास देणारं चार सिलिंडरचं इंजिन काढून तिथं हेच बसवलं. तेव्हा या ट्रॅक्टरच्या खानदानात इंजिनबदल नवा नाही, असं मी घरच्यांना समजावलं.

घेण्याआधी जनरेटर तासभर चालवून पाहिला. ऑईल टाकायचं झाकण उघडलं तर धुराचा फुफाटा नव्हता, गरम झाल्यावरही ऑईल प्रेशर टिकून होतं. इंजिन घरी आणलं. मेस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मालक, हे इंजिन चालंल, पण ह्याच्यावर ट्रॅक्टर उभा राहायचा नाही."

त्यांचं बोलणं मला तेव्हा उमजलं नाही. ट्रॅक्टरला जीपसारखी चेसिस नसते. पुढचा एक्सल, इंजिन, गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्टने आवळलेले असतात आणि इंजिनाखालचं, ऑईल साठतं ते बिडाचं चेंबर हाच कणा असतो. पुढच्या एक्सलचा ब्रॅकेट त्यालाच धरतो. जनरेटरचं इंजिन लोखंडी पाटावर बसलेलं, म्हणून त्याला नुसतं पत्र्याचं चेंबर. ते तसंच बसवलं असतं तर पहिल्याच बांधावर ट्रॅक्टर मधून वाकला असता. आमचं बिडाचं चेंबर सुदैवाने फुटलं नव्हतं. ते धुऊन, आत पडलेले रॉडचे तुकडे काढून नव्या ब्लॉकला लावलं. ऑईल ओढायची नळी आणि जाळीही आमच्याच इंजिनाची घेतली, कारण दोन चेंबरांची खोली वेगळी. चेंबरचं मागचं तोंड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी अगदी एका पातळीत हवं, म्हणून मेस्त्रींनी सरळ पट्टी लावून तीनदा तपासलं. तिथं फरक राहिला तर गिअरबॉक्सला आवळताना बीड तडकतं.

ट्रॅक्टर मधून सोडण्याआधी, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं करण्याआधी, पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या. एक्सल मधल्या पिनवर डुलतो. पाचर नसली तर सुटलेला पुढचा भाग कुशीवर पडतो आणि खाली माणूस असतो. हे काम कुणी करणार असेल तर एवढं तरी विसरू नका.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, तेही आमचंच लावलं. जनरेटरच्या फ्लायव्हीलला क्लच बसत नाही. इंजिन गिअरबॉक्सला जोडताना अर्धा इंच फट राहिली. मी पान्याने बोल्ट आवळून ओढायला निघालो तर मेस्त्रींनी हात धरला. गिअर टाकून पुढची पुली थोडी थोडी फिरवली, शाफ्टचे दाते सापडले आणि फट आपोआप मिटली.

डिझेलच्या पंपावर मात्र मी हट्ट केला. जनरेटरचा पंप नव्यासारखा होता, तोच ठेवू म्हटलं. पण ५० हर्ट्झ वीज द्यायला जनरेटर कायम मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतो. त्याचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, त्या एका वेगाला चिकटलेला. ट्रॅक्टरला सावकाश चालीपासून पूर्ण वेगापर्यंत सगळं लागतं. चालू करून पाहिलं तर थ्रॉटल हलवला की इंजिन एकतर गुदमरायचं, नाहीतर पळायचं. त्यात दोन दिवस गेले. शेवटी आमचा जुना पंप कॅलिब्रेशन करून आणला, गिअरवरच्या खुणा जुळवून बसवला, डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, १२ थाऊला (इंचाच्या बारा हजारांशाला) लावले. सेल्फ मारला आणि दुसऱ्याच फेरीला ते धरलं. आप्पा ओट्यावरून उठून जवळ येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत.

कागदपत्रांचं काम वेगळंच. आरसी बुकात इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल परस्पर करता येत नाही. जनरेटर घेतल्याची पावती जपून ठेवली होती म्हणून आरटीओत अर्ज करता आला. विमा कंपनीलाही लेखी कळवलं. शक्य असेल तर इंजिन काढायच्या आधीच आरटीओत विचारून घ्या. मी नंतर गेलो आणि हेलपाटे वाढले.

सध्या रोटाव्हेटर चालवतोय. चेंबरच्या मागच्या सांध्यातून थोडं ऑईल पाझरतं. तिथली कॉर्कची पट्टी पाऊस उघडल्यावर बदलायची आहे.