खोली क्रमांक दोन

सप्टेंबर २०२०च्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी किनाऱ्यालगतच्या एका गावातून आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेचा, फोन आला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम १५ सप्टेंबरपासून राज्यभर सुरू झाली होती आणि त्यासाठी त्या घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. “सर, एका घरात चार वर्षांची मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “आत्ता ताप नाही, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे, म्हणजे माझ्या कागदावर ती ठणठणीत. पण मला पोर बरं दिसत नाही. मानेला गाठी आहेत.”

मी उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्यात क्षयरोगाचा उपचार पर्यवेक्षक आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा माणूस शोधायचा, त्याचा बेडका तपासून घ्यायचा, आजार निघाला तर गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्या पोटात जातील हे पाहायचे आणि त्याच्या घरातल्यांना तपासायचे, हे माझे काम. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हापासून मात्र हे काम जवळजवळ थांबले होते, कारण आमच्यापैकी बहुतेकांना कोरोनाच्या कामाला लावण्यात आले होते. मी काही दिवस घाटातल्या तपासणी नाक्यावर होतो, काही दिवस स्वॅबच्या गाडीबरोबर होतो, आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना ज्या शाळांमधून चौदा दिवस ठेवत होते त्यांपैकी तीन शाळा माझ्याकडे होत्या. आशाताईंच्या गावची शाळा त्यांपैकीच एक.

पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उतरून त्या घरी पोचलो तेव्हा मुलगी आजीच्या मांडीवर पडवीत बसली होती. मे महिन्यात मी पाहिलेली मुलगी ही नव्हे, असे क्षणभर वाटले, इतकी ती सुकली होती. गणपतीच्या आधीपासून संध्याकाळी अंग कोमट होते, जेवण तुटले आहे, मानेच्या उजव्या बाजूला आधी एक गाठ आली आणि मग तिच्या शेजारी दोन, असे तिच्या आईने सांगितले. मधल्या काळात डॉक्टरांना का दाखवले नाही, हे विचारायचीही गरज नव्हती. ताप आहे म्हणून दवाखान्यात गेलेल्याचा स्वॅब घेतात आणि तो पॉझिटिव्ह आला तर वाडीच्या तोंडाशी बांबू पडतात, हे जुलैत शेजारच्या वाडीने भोगले होते. तिथे दूध घालणाऱ्याला आत सोडले नव्हते, कोळणीला पाटी घेऊन परत फिरवले होते आणि ऐन लावणीच्या दिवसांत माणसे आपल्याच शेताकडे नुसती बघत बसली होती.

लहान मुलाला क्षयरोग होतो तेव्हा बहुतेक वेळा तो जवळच्या, खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो, आणि मुलांमध्ये लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत बऱ्याचदा काही महिन्यांचाच काळ जातो. म्हणून अशा घरात मी आधी मोठी माणसे तपासतो. आई-वडील, आजी, आजोबा आणि काका अशा पाचही जणांना विचारले, पण कुणालाच खोकला नव्हता. मुंबईत ते ज्या खोलीत राहत होते तिथेही आजारी कुणी नव्हते. मी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिलो तेव्हा मुलीची आई हळूच म्हणाली, “भाऊ, घरातलं कुणी नाही. पण शाळेत आम्ही होतो ना, त्या खोलीत एक जण रात्री खोकायचा. उशीत तोंड घालून खोकायचा.”

ती खोली मला चांगली आठवत होती. शाळेच्या दोन खोल्यांपैकी खोली क्रमांक दोन पाखाडीच्या बाजूला होती. तिच्यात तीन कुटुंबांतली अकरा माणसे होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वारा लागू नये म्हणून गावाच्या कृती दलाने त्या बाजूच्या तिन्ही खिडक्या बाहेरून फळ्या ठोकून बंद करून टाकल्या होत्या. मी रोज सकाळी दारात उभा राहून ताप मोजायचो आणि “कुणाला खोकला, घसा, धाप?” असे विचारायचो, त्यावर आतून “नाही” असे उत्तर यायचे. खिडक्यांबद्दल मी एकदा बोललो होतो. गावकऱ्यांनी ऐकले नाही तेव्हा मी पुढे काही केले नाही. क्षयरोगाच्या कामात मी त्या वेळी अकरा वर्षे काढली होती, हवा खेळती नसलेल्या खोलीत एक खोकणारा माणूस काय करू शकतो हे तालुक्यात माझ्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, आणि तरीही ती खोली मी कोरोनाच्याच नजरेने पाहिली. खोलीतल्या मोठ्या माणसांचे स्वॅब मिरजेला गेले, ते निगेटिव्ह आले, चौदा दिवस भरले आणि मुक्त केलेल्यांच्या यादीवर मी सही केली. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३ जूनला, निसर्ग वादळ आले आणि तालुक्याला पुढचे दोन महिने कौले, पत्रे आणि विजेचे खांब यांखेरीज दुसरे काही सुचले नाही.

रात्री खोकणारा तो तरुण पाखाडीच्या वरच्या अंगाला राहत होता. तो घरात नव्हता. त्याच्या आईने बोट दाखवले तिकडे, घरामागच्या गोठ्यात, त्याने आपले अंथरूण नेऊन ठेवले होते, कारण तिथून खोकल्याचा आवाज रस्त्यावर जात नसे. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, आणि गालाची हाडे वर आलेली. मी कोण ते सांगितल्यावर त्याने काही न बोलता पत्र्याच्या पेटीतून गोळ्यांचे रिकामे पाकीट काढून माझ्या हातात दिले. आमच्याच कार्यक्रमाच्या गोळ्या होत्या त्या. मुंबईत जानेवारीत त्याचा उपचार सुरू झाला होता. रुग्णांना महिनाभराच्या गोळ्या एकदम द्याव्यात, अशी सूचना टाळेबंदीच्या सुरुवातीला निघाली होती आणि तशा त्याला मिळाल्याही होत्या, पण त्या एप्रिलअखेर संपल्या. त्याच्या वस्तीत रुग्ण निघाल्यामुळे गल्ली बंद होती, पुढच्या गोळ्या आणायला जाता आले नाही, आणि मग ई-पास मिळताच तो गावी निघून आला.

“तेव्हाच मला का सांगितलं नाहीस?” मी विचारले.

“साहेब, तुम्ही रोज विचारत होतात ते कोरोनाचं विचारत होतात,” तो म्हणाला. “माझा खोकला कोरोनाचा नाही हे मला ठाऊक होतं. टीबी आहे म्हटलं असतं तरी गावाला काय कळणार? खोकतो एवढंच कळलं असतं. माझ्यापायी त्या सगळ्यांना आणखी चौदा दिवस डांबलं असतं.”

मला त्याच्यावर रागावता आले नाही, आजही येत नाही. आमच्याकडे घरोघर म्हातारी माणसे, श्वासयंत्राची सोय दूर जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि एकेका दिवशी शेकडोंनी येणारी माणसे, अशा वेळी येणाऱ्याला चार दिवस वेगळे ठेवणे भाग होते हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. पण वेगळे ठेवण्यासाठी आम्ही त्यांना एकत्र कोंडले. खोकल्याची किंमत इतकी वाढवून ठेवली की माणसाने तो उशीत दाबावा, आणि ‘निगेटिव्ह’ या एका शब्दाला निरोगीपणाचा दाखला करून टाकले. कोरोनाच्या आणि सर्दी-ताप-खोकल्याच्या रुग्णांची क्षयरोगासाठीही तपासणी करावी, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २०२०मध्ये निघाली. ती योग्यच होती, पण आमची यादी मे महिन्यातच बंद झाली होती. देशात २०१९मध्ये क्षयरोगाचे २४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते आणि २०२०मध्ये हा आकडा साधारण १८ लाखांवर आला. रुग्ण कमी झाले नव्हते, ते सापडणे कमी झाले होते, आणि त्या तुटीतला एक माणूस माझ्यासमोर गोठ्यात बसला होता.

त्याला बेडक्याची डबी दिली आणि नमुना घेऊन दुपारी तालुक्याला आलो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू लगेच दिसले. पण ज्याचा उपचार मध्येच तुटला आहे त्याचे जंतू रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद देतात की नाही, हे पाहावेच लागते आणि ते ट्रूनॅटवरच कळणार होते. गोव्यात तयार होणारे हे छोटे यंत्र आमच्याकडे क्षयरोगासाठी आले होते. एप्रिल २०२०मध्ये कोरोनाच्या तपासणीसाठीही त्याला परवानगी मिळाली आणि तेव्हापासून ते दिवसरात्र त्याच कामाला जुंपलेले होते. त्या दिवशीही स्वॅबची रांग होती. तंत्रज्ञ सकाळपासून पीपीई किटमध्ये होता. चष्म्याच्या कडेने त्याच्या गालावर वळ उठले होते. मी मुलीची हकिगत सांगितली. तो म्हणाला, “हे स्वॅब संपू देत, मग लावतो. थांबा.”

रात्री साडेआठला त्याने यंत्रात तपासणीची पहिली चिप लावली, तासाभराने दुसरी. आम्ही दोघे बाहेरच्या कट्ट्यावर अंतर ठेवून बसलो होतो. गेल्या सहा महिन्यांत क्षयरोगाच्या किती चिपा लावल्या, असे मी त्याला विचारले. त्याने हाताची बोटे मोजली आणि बोलणे बदलले. साडेदहाच्या सुमारास निकाल आला. रिफाम्पिसिनला विरोध नव्हता, नेहमीच्या सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा होण्यासारखा होता. त्या मुलीला दुसऱ्या दिवशी गाठीतले पाणी तपासायला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे ठरले. पुढे तोच आजार निघाला, आणि पाण्यात विरघळणाऱ्या लहान मुलांच्या गोळ्या आशाताई रोज स्वतः जाऊन तिला पाजू लागल्या.

घरी जाण्याआधी मी कपाटातून मे महिन्याचे विलगीकरणाचे रजिस्टर काढले. खोली क्रमांक दोनच्या पानावर अकरा नावे होती, प्रत्येकापुढे चौदा दिवसांचे तापमान, आणि खाली ‘सर्व निरोगी, मुक्त’ असे लिहून केलेली माझी सही. त्या तरुणाचे आणि त्या मुलीचे नाव सोडून उरलेली नऊ नावे मी रुग्णाच्या सहवासात आलेल्यांच्या छापील तक्त्यात उतरवून घेतली. त्या तक्त्यात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. तिथे आम्ही पत्नी, मुलगा, भाऊ असे लिहितो. या नऊ जणांपैकी फक्त चौघे त्याच्या घरचे होते, बाकीच्या पाचांपुढे काय लिहावे ते सुचेना. शेवटी ‘एका खोलीत १४ दिवस’ असे पाच वेळा लिहिले. आठवडाभरात आठ जण तपासून झाले. नववा कारखाना सुरू झाल्यामुळे पनवेलला परत गेला होता. त्याला मी रोज दोनदा फोन लावत होतो.