कोमात्सूची धावपट्टी

आज जपानमधल्या कोमात्सूहून टोकियोच्या हानेदा विमानतळावर परतलो. कानाझावा शहरातून बसने तासाभरात कोमात्सू विमानतळ. वेळ हाताशी होता म्हणून वर गॅलरीत गेलो आणि तिथेच अडकलो.

धावपट्टी एकच, २७०० मीटरची. त्यावरून आपली प्रवासी विमानंही उडतात आणि जपानी हवाई स्वसंरक्षण दलाची एफ-१५ सुद्धा. आधी दोन लढाऊ विमानं एकामागून एक सुटली. आवाज कानात नाही, थेट बरगड्यांत शिरतो! शेजारच्या आजोबांनी शांतपणे डबा उघडला, जणू एसटी गेली. मी मात्र हातातली कॉफी सांडली.

मी लोहगावचा, त्यामुळे हवाई दलाच्या आवारातला विमानतळ मला नवा नाही. पण आपल्याकडे विमान जमिनीवर असताना "फोटो काढू नका"ची घोषणा ऐकायची सवय. इथे गॅलरीत लोक हातभर लांब लेन्स लावून तासन्‌तास उभे! मी आपला मोबाइल चोरट्यासारखा बाहेर काढला. सवय जाता जात नाही.

अर्थात सगळेच लेन्सवाले नसतात. आसपासच्या रहिवाशांनी १९७५ पासून या आवाजाविरुद्ध कोर्टात दावे लावलेत. दहा मिनिटं मजा वाटली खरी, पण रोज लेकराला झोपवताना?

मग ढग हटले आणि मागे बर्फाचा हाकुसान पर्वत दिसला. तेवढ्यात बोर्डिंगची घोषणा झाली. फोटो राहिलाच.

(कॉफीचा डाग शर्टवर अजून आहे.)