माशांआधी पॉड्स : रीफ टाकीच्या वाळूची आजवरची खबर

माझ्या रीफ टाकीत, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, अजून एकही मासा नाही आणि इतक्यात सोडायचाही नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकलेत, नायट्रेट थोडं दिसतंय, म्हणजे सायकल (अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टाकीत वसणं) पूर्ण झाली. बरेच जण याच टप्प्यावर क्लाउनफिशची जोडी आणतात. पण टेस्ट किट सांगतं ते फक्त बॅक्टेरियांबद्दल. वाळूत किडे-कोळंबीवर्गातलं बारीक जीवन, मुख्यतः कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड म्हणजेच ‘पॉड्स’, वसलंय का, हे त्यातून कळत नाही, आणि मला आधी तेच हवंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात. ॲरॅगोनाइट (चुनखडीची) वाळू, दाणा १ ते २ मिमी, थर साधारण ४ सेमी. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २५-२६ अंश. पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) छोटं रेफ्यूजियम, म्हणजे माशांपासून सुरक्षित कप्पा, त्यात कीटोमॉर्फा शेवाळ.

थर ४ सेमीच का, हे विचारलं जातंच. १० ते १५ सेमीच्या खोल थरात तळाशी ऑक्सिजन संपतो आणि तिथले बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. हा मोठा फायदा आहे, नाकारत नाही. पण असा थर कायम न ढवळता ठेवावा लागतो. तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचलेलं असलं आणि दगड हलवताना ते उसळलं, तर टाकी हातची जाऊ शकते. मला कोरल लावताना दगड हलवायचेत, म्हणून उथळ थर. दाण्याचाही विचार केला. पिठासारखी बारीक वाळू पॉवरहेडच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) झोताने उडत राहते, आणि फार जाड खड्यांच्या फटींत घाण अडकून बसते.

आता मुख्य गोष्ट. पाकिटातली लाइव्ह सँड (बॅक्टेरिया असलेली ओली वाळू) मी वापरली, सायकल लवकर सुरू व्हायला तिचा उपयोगही होतो. पण सीलबंद पाकिटात टिकतात ते बॅक्टेरिया. कोपेपॉड, ॲम्फिपॉड, वाळूतले कृमी हे सगळं जुन्या, चालत्या टाकीतूनच यायला हवं. एका छंदी मित्राच्या बऱ्याच वर्षांच्या टाकीतून मगभर वाळू मिळाली. घेताना फक्त वरचे एक-दोन सेंटीमीटर घेतले, कारण जीवन तिथेच असतं. खालचा काळपट, सडक्या अंड्याचा वास येणारा थर अजिबात घेऊ नका. आणि त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, हे आधी विचारा. माशांच्या उपचाराला चालणारं तांबं या जिवांना मारतं.

कोरडी वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुतली होती. ही मगभर मात्र धुवायची नाही. पंप बंद करून, पीव्हीसी पाइपातून ती अलगद तळाला सोडली आणि वर दगडाचा आडोसा दिला.

त्यानंतर वाळूवर तपकिरी थर चढला. डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म शेवाळ. नव्या वाळूतलं सिलिकेट संपलं की तो आपोआप ओसरतो. सायफन लावायचा मोह होतो, पण मी हात लावला नाही, कारण पॉड्सना खायला तोच हवा.

खरी गंमत दिवे गेल्यावर. तासाभराने लाल टॉर्च काचेला लावली की मिलिमीटरहून लहान पांढरे ठिपके दिसतात. सरकतात, थबकतात, परत सरकतात. हे बहुधा टिस्बे, तळाला आणि काचेवर राहणारी कोपेपॉडची जात. भिंग धरून पाहिलं तर काही माद्यांच्या मागे अंड्यांची एकच पिशवी लोंबत होती. ही खूण लक्षात ठेवा : टिस्बे आणि टिग्रिओपससारख्या कोपेपॉड जातींत पिशवी एक, तर सायक्लोपवर्गीयांत, म्हणजे ॲपोसायक्लॉप्समध्ये, दोन्ही बाजूंना एकेक. अंडी धरलेल्या माद्या सतत दिसू लागल्या, की वसाहत स्वतःच्या जोरावर चाललीय असं मी मानतो. नुसते ठिपके दिसणं पुरेसं नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला नॉप्लियसच्या (पहिल्या अळीरूपाच्या) सहा आणि पुढच्या पाच अवस्था पार करूनच प्रौढ व्हायचं असतं. तेवढा वेळ त्याला कुणी खाता कामा नये.

टिग्रिओपसबद्दल माझं मत वेगळं आहे. नारिंगी, ठसठशीत, पाण्यात मोकळा पोहणारा हा जीव मूळचा किनारी खडकांतल्या डबक्यांतला. क्षारतेचे जबर चढउतार तो सोसतो. माशांना भरवायला उत्तम, पण उघड्यावर पोहत असल्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. टाकीत वस्ती करायला टिस्बेच बरा.

कीटोमॉर्फाच्या गुंत्यात ॲम्फिपॉडही दिसायला लागलेत : दोन्ही बाजूंनी चपटे, कमरेत वाकलेले, कुशीवर घसरत पळणारे. यांची पिल्लं मादीच्या पोटाखालच्या पिशवीत वाढतात आणि थेट छोट्या प्रौढासारखीच बाहेर पडतात. जुनी वाळू किंवा दगड आणाल तेव्हा मोठ्या डोळ्यांचे, वेगाने पोहणारे आयसोपॉड (याच वर्गातले दुसरे जीव) मात्र शोधून काढून टाका. त्यातले काही माशांना चिकटून रक्त पितात.

खाणं म्हणून आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिसचं फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ), पाण्याला जेमतेम हिरवट छटा येईल इतकंच. घातल्यावर काही तास स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवतो. पाणी गाळणारी पिशवी, म्हणजे फिल्टर सॉक, काढून ठेवलाय, जंतू मारणारा यूव्ही दिवा लावलेलाच नाही. फायटो जास्त झालं तर नायट्रेट-फॉस्फेट चढतं, म्हणून टेस्ट चालू आहेत.

पुढे नॅसॅरियस आणि सेरिथ गोगलगायी येतील, वाळू वरवर हलती ठेवायला. वाळू चाळणारा स्टारफिश आणि वाळू चाळणारा मासा डायमंड गोबी दोन्ही यादीतून कायमचे बाद : वाळू स्वच्छ दिसते खरी, पण त्यातलं जीवनच ते खाऊन टाकतात. पॉड्स टिपणारा सिक्सलाइन रॅस मासाही नको. मँडरिन ड्रॅगोनेट या रंगीत माशावर जीव आहे माझा, पण तो दिवसभर पॉड्सच टिपत फिरतो आणि छोट्या टाकीतला साठा बघता बघता संपवतो. रेफ्यूजियममधून पॉड्स मुख्य टाकीत सतत येताहेत याची खात्री पटेपर्यंत तो नाही. कुणी रेफ्यूजियम टाकीच्या वरच्या पातळीवर ठेवून, पंपातून न नेता पॉड्स खाली सोडत असेल, तर मांडणी जरूर सांगा. मला पुढचा बदल तोच करायचाय.