हापूसची विक्री आणि २४ तासांचं स्टेटस

अढीत, म्हणजे पिकण्यासाठी गवताच्या थरांत, घातलेला हापूस आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि तयार फळ फार थांबत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसचंही तसंच, २४ तासांत जातं. ‘आज अमुक इतके खोके आहेत’ हे सांगायला त्यासारखी जागा नाही.

पहिल्या हंगामात माझ्याकडे गिऱ्हाइकांचे भरपूर नंबर होते, पण स्टेटस पाहणारे मोजकेच. स्टेटस दिसायला दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. माझ्याकडे त्यांचे होते, त्यांच्याकडे माझा नव्हता. ब्रॉडकास्ट लिस्टलाही, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीलाही, हीच अडचण आहे. तेव्हापासून प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालतो: ‘नंबर सेव्ह करा, पुढची तोड स्टेटसवर कळेल.’ शिवाय ज्यांनी ब्लू टिक बंद ठेवलीय त्यांची नावं पाहणाऱ्यांच्या यादीत येतच नाहीत, त्यामुळे यादी छोटी दिसली म्हणून हात आखडता घेऊ नये.

फोटो उभा, १०८० बाय १९२० पिक्सेल. वरचे साधारण २५० आणि खालचे ३४० पिक्सेल मोकळे ठेवा. वर आपलं नाव येतं, खाली उत्तराची पट्टी. दर तिथे लिहिला तर तोच झाकला जातो. खिडकीच्या उजेडात खोका उघडा ठेवून, देठाकडचा भाग दिसेल असा फोटो घ्यावा. फ्लॅशने पिवळा रंग भडक येतो आणि माल हाती पडल्यावर ‘फोटोत वेगळा होता’ असं ऐकावं लागतं.

मजकूर चारच ओळींचा: तारीख, फळाचं वजन, डझनाचा दर, कुरिअर धरून की वेगळं. तारीख मोठ्या अक्षरांत हवीच. स्टेटस पुसलं जातं, त्याचा स्क्रीनशॉट मात्र फिरत राहतो, आणि मेमध्ये कुणीतरी उतरलेला दर धरून एप्रिलच्या मालाचे पैसे परत मागतं.

दिवसाला तीनच स्टेटस. त्यापुढे लोक पटापट सरकवतात. माल संपला की स्टेटस लगेच डिलीट करायचं, नाहीतर रात्रभर ऑर्डरी येत राहतात.

इन्स्टाग्रामच्या स्टोरीला लिंक स्टिकर लावून थेट व्हॉट्सॲपवर आणता येतं. ‘ऑर्डर कशी द्यावी’ ही स्टोरी हायलाइटमध्ये, म्हणजे २४ तासांनंतरही प्रोफाइलवर राहील अशी, ठेवावी, दराची कधीच नाही. आणि उत्तर आलं की आधी वहीत नाव, पिनकोड, डझन लिहून घ्यायचं, मग ‘हो’ म्हणायचं.